पाण्याचा तंटा आणि कलावंताची दृष्टी

धान्याचा व्यापार म्हणजे पावसाचाच व्यापार होय. नवलगुंदकडे पाऊस चुकला की हुबळीच्या पेठेत त्याची वर्दी दरातून मिळते. परंतु दर केवळ तूट सांगतो. पाणी आटल्यावर माणसामाणसांतील जिव्हाळा कसा आटतो, हे दाखवावयास कलावंतच हवा.

ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९७१ साली 'दो बूंद पानी' हा चित्रपट काढला. राजस्थानच्या वाळवंटात कालवा आणण्याच्या कामावर एक तरुण जातो आणि मागे राहिलेल्या कुटुंबावर तहान व दरोडेखोर ही दोन्ही संकटे कोसळतात. पंजाबातील हरिके बंधाऱ्याचे पाणी मरुभूमीत नेणाऱ्या त्या कालव्याच्या कथेस राष्ट्रीय एकात्मतेचे पारितोषिक मिळाले, हे यथार्थच होय.

दुसरे उदाहरण आपल्या भाषेतील. नांदेड जिल्ह्यातील नागदरवाडीच्या हनुमंत केंद्रे यांच्या जीवनावर आदिनाथ कोठारे यांनी 'पाणी' हा चित्रपट केला. तो ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रदर्शित झाला; पर्यावरण-संरक्षणाचे राष्ट्रीय पारितोषिक त्यास आधीच लाभले होते. गावात पाणी नाही म्हणून मुलगी देण्यास नकार मिळतो, तेव्हा नायक पावसाचे पाणी गावातच अडविण्याचा निर्धार करतो. पहिल्या कथेत पाणी दुरून आणावयाचे, दुसरीत घरचे राखावयाचे. परंतु दोहोंतही परस्परविश्वासावाचून कार्य तडीस जात नाही.

हा प्रश्न आपल्या दाराशीही आहे. हुबळी-धारवाडची तहान मलप्रभा भागविते. म्हादई लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकास १३.४२ टीएमसी पाणी दिले, त्यांपैकी ३.९० टीएमसी मलप्रभेकडे वळवावयाचे आहे. गोव्यास तेच पाणी जाईल अशी भीती वाटते. गोव्याचे गिऱ्हाईक आणि नवलगुंदचा शेतकरी, दोघांचीही खाती आमच्या एकाच वहीत आहेत. मग एकास शत्रू कसे मानावे? प्रतिपक्षाच्या घरातील रिकामी घागर दाखविणे, हेच अशा कलेचे खरे कार्य होय.

तंट्याचा निवाडा आपल्या हाती नाही. बचत मात्र आहे. एक हजार चौरस फूट पत्र्यावर एक इंच पाऊस पडला तर सुमारे २,३५० लिटर पाणी मिळते. रायापूरकडील गोदामांचे पत्रे याहून कितीतरी विस्तीर्ण आहेत. सभासदांनी हे चित्रपट मुलाबाळांसह अवश्य पाहावेत, आणि येत्या मृगापूर्वी आपापल्या पत्र्यांस पन्हळ व टाकी जोडावी, अशी आमची विनंती आहे.