गुरुत्वीय लहरींच्या शोधकातील प्रकाशीय पोकळी

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ परिसरात लायगो-इंडिया हा गुरुत्वीय लहरींचा शोधक उभारला जावयाचा असून एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चास मान्यता दिली. धाराशिवसारख्या मराठवाड्यातील जिल्ह्यांत अध्यापन करणाऱ्यांना विद्यार्थी त्याविषयी विचारणारच. 'चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा' हे नेहमीचे उत्तर मात्र अपुरे आहे.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी प्रथमच नोंदविल्या गेलेल्या लहरीमुळे अमेरिकेतील शोधकांच्या भुजांत झालेला बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या शतांशापेक्षाही कमी होता. तो टिपण्यासाठी प्रत्येक भुजेत दोन आरसे समोरासमोर टांगून प्रकाशीय पोकळी निर्माण केली जाते. फॅब्री व पेरॉ यांच्या व्यतिकरणमापीचेच हे तत्त्व होय. आरशांमधील अंतर अर्ध्या तरंगलांबीच्या पूर्णांक पटीत राखले असता प्रकाश आत सुमारे तीनशे वेळा परावर्तित होतो व भुजेची परिणामी लांबी सुमारे १२०० किलोमीटर होते.

प्रकाश वाढविल्याने फोटॉनांच्या अनियमित आगमनाचा गोंगाट तुलनेने घटतो. परंतु तेच फोटॉन ४० किलोग्रॅमच्या आरशांना धक्के देतात आणि कमी वारंवारतेचा गोंगाट वाढतो. २०१९ पासून लायगोच्या निरीक्षणांत 'संकुचित' प्रकाशाचा वापर होऊ लागला. त्यात कलेतील अनिश्चितता घटते, पण आयामातील वाढते. अनिश्चिततेचे तत्त्व फसविता येत नाही. अनिश्चितता कोठे सोसावयाची, एवढेच ठरविता येते.

ते ठरविण्याचे काम ३०० मीटर लांबीची 'गाळणी पोकळी' करते. संकुचित प्रकाश शोधकात शिरण्यापूर्वी तिच्यातून परतविला जातो. कमी वारंवारतेच्या घटकांच्या संकोचनाची दिशा ती फिरविते. उच्च वारंवारतेचे घटक जवळजवळ तसेच राहतात. २०२३ मध्ये आरंभ झालेल्या चौथ्या निरीक्षणसत्रात ही योजना वापरात आली.

पोकळी इतकी लांब कशासाठी, असा प्रश्न येथे रास्त ठरतो. काही दशक हर्ट्झ वारंवारतेशी जुळण्यासाठी प्रकाश आत काही मिलिसेकंद टिकावा लागतो. प्रत्येक परावर्तनात प्रकाशाचा अल्पांश नष्ट होतो आणि त्याची जागा निर्वाताचा सामान्य, असंकुचित गोंगाट घेतो. पोकळी लांब असल्यास तेवढ्याच काळात परावर्तने कमी होतात. कमी वारंवारतेसाठी हा सारा खटाटोप का, तर अतिशय जड कृष्णविवरांच्या जोड्यांचा संकेत मुख्यत्वे तेथेच आढळतो.