कुलकर्ण्याचे दप्तर आणि घरची भाषा

सीमाभागातील जुन्या घरांच्या माळ्यावर आजही फडक्यात बांधलेले कागदांचे रुमाल सापडतात. खरेदीखते, कबुलायती, वाटणीपत्रे, देण्याघेण्याच्या पावत्या. बोरूने लिहिलेल्या त्या मोडी अक्षरांत आपल्या खापरपणजोबांचा सारा संसार बांधलेला आहे.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि हा मुलूख इंग्रजांच्या हाती गेला. १८३६ साली धारवाडातून बेळगाव जिल्हा वेगळा झाला. राज्य बदलले, जिल्हा बदलला, तरी दप्तराची भाषा एकदम बदलली नाही. अनेक गावांत कुलकर्णी मोडीतच लिहीत राहिला.

लोकव्यवहार मात्र दोन्ही भाषांत चाले. बाजारात एकाने मराठीत भाव विचारावा, दुसऱ्याने कन्नडात सांगावा आणि सौदा पटावा, ही इथली रीत. १८४२ साली कर्नाटकातील कर्की गावच्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले. ते पाहून १८४३ साली विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. १८८० साली 'शाकुंतल' करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. मराठी नाटकाच्या पाळण्याची दोरी अशी दोन्ही भाषांच्या हाती होती.

अडचण होती ती कागदाची. शेतकऱ्याला अक्षर येत नसे. आपल्याच जमिनीच्या कागदात काय लिहिले आहे हे त्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागे. कन्नड बोलणाऱ्याला तर अक्षर आणि भाषा अशा दोन भिंती आडव्या येत. त्या काळी पुष्कळ कन्नड गावांतही सरकारी शाळा मराठी होत्या. १८६० नंतरच्या दशकात शिक्षणखात्यातील डेप्युटी चन्नबसप्पा यांनी तेथे कन्नड शाळा सुरू व्हाव्यात म्हणून जिवाचे रान केले. घरी जी भाषा, तीच पाटीवर हवी, असे त्यांच्या कार्याचे सार होते.

आम्ही शिक्षक म्हणून स्पष्ट सांगतो, ते कार्य न्यायाचेच होते. परंतु न्याय एकालाच लागू करून चालत नाही. त्या काळच्या कन्नड मुलाला जे मिळायला हवे होते, तेच आजच्या मराठी मुलाला हवे आहे. १९५६ साली राज्यघटनेत आलेले ३५०-अ हे कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असेच सांगते. आमचे भांडण कन्नडशी नाही. आपल्या माणसाला आपला कागद आपल्या भाषेत वाचता यावा, एवढीच आमची मागणी आहे.

म्हणून गावकऱ्यांना दोन विनंत्या. माळ्यावरचे रुमाल वाळवी खाण्याआधी खाली काढा आणि मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्या. आणि येत्या जूनमध्ये मुलाचे नाव गावच्या मराठी शाळेत घाला. सरकारकडे मागणी करताना पटावर मुले असली, तरच आपल्या शब्दाला वजन येते.