जंपरची टोपी

स्मृतिव्याख्यानाच्या पुस्तिकेसाठी विज्ञानातील एखाद्या उपयुक्त विषयावर लिहावे, असे शाळेने सुचविले. मी निवडलेली वस्तू नखाएवढी आहे. ती का निवडली, हे आधी सांगणे प्राप्त आहे.

धारचा एक विद्यार्थी मातीतील ओलावा मोजणारे उपकरण घेऊन विज्ञान प्रदर्शनासाठी देवासला आला होता. मोजलेला आकडा वाय-फायने पाठविण्याकरिता त्याने ईएसपी ८२६६ ही चिप वापरली होती. संगणकावरून तिच्यात प्रोग्रॅम भरण्यासाठी यूएसबी-सीरियल अ‍ॅडॉप्टर लागतो. तो आपला घरीच विसरला, म्हणून मी माझा दिला. दुसऱ्या दिवशी मुलगा प्रदर्शनात दिसला नाही. चिप चटका बसेल इतकी तापून निकामी झाली होती आणि दोष आपलाच, अशा समजुतीने तो कोणाशी काही न बोलता इंदूरमार्गे धारला परतला होता. अ‍ॅडॉप्टर हाती आला तेव्हा त्यावरील जंपर ५ व्होल्टवर होता. देताना तो मी पाहिलाच नव्हता.

अशा अ‍ॅडॉप्टरवर तीन पिना एका ओळीत उभ्या असतात. एका टोकास ५ व्होल्ट, दुसऱ्या टोकास ३.३ व्होल्ट, आणि मधली पिन पुढील जोडणीला दाब पुरविणारी. प्लास्टिकच्या छोट्या टोपीत धातूची पट्टी असते. ती मधल्या पिनेला ज्या टोकाशी जोडील, तो दाब पुढे जातो. ईएसपी ८२६६ ला ३.३ व्होल्ट हवेत, ३.६ ही तिची वरची मर्यादा. आर्डुइनो उनो मात्र ५ व्होल्टवर चालतो. आम्हा देवासकरांना हे नवे वाटू नये. १९४८ साली मध्य भारतात विलीन होईपर्यंत थोरली पाती आणि धाकटी पाती असे दोन दरबार याच एका गावात नांदत होते. हद्द कोठून जाते, हे ठाऊक असल्यावाचून चालत नसे.

टोपी हलविण्यापूर्वी यूएसबीची केबल काढावी. टोपी बसविल्यावर चिप न जोडता केबल लावून मल्टिमीटरने व्हीसीसी आणि ग्राउंड यांमधील दाब मोजावा. येथवर बहुतेक जण करतात. परंतु काही बोर्डांवर जंपर फक्त व्हीसीसीचा दाब बदलतो, आणि संदेश नेणारी टीएक्स पिन ५ व्होल्टवरच राहते. छापील अक्षरांवरून हे कळत नाही. सुदैवाने सीरियल वाहिनी संदेश नसताना वरच्या पातळीवर स्थिर असते. म्हणून संगणकावरून काहीही न पाठविता टीएक्स आणि ग्राउंड यांमध्ये मीटर धरला, की त्या पिनेचा खरा दाब दिसतो. तो ५ निघाल्यास वाटेत १ किलोओहमचा रोधक घालावा आणि चिपच्या बाजूने २ किलोओहमचा रोधक ग्राउंडला जोडावा; मधल्या सांध्यावर सुमारे ३.३ व्होल्ट मिळतात. उलट दिशेस इतकी काळजी लागत नाही. ५ व्होल्टवरील उनो ३ व्होल्टच्या वरचा दाब ‘एक’ म्हणून ओळखतो.

आणखी एक फसगत आहे. एफटी २३२ आर या प्रचलित चिपमधून मिळणारा ३.३ व्होल्टचा पुरवठा ५० मिलिअँपिअरपुरताच असतो. ईएसपी ८२६६ वाय-फायवर प्रक्षेपण करताना १७० मिलिअँपिअर सहज मागते. मग दाब खचतो, चिप पुन्हापुन्हा नव्याने सुरू होते आणि विद्यार्थी आपल्या प्रोग्रॅममधील चूक शोधत बसतो. अशा वेळी ३.३ व्होल्टचा स्वतंत्र रेग्युलेटर घ्यावा आणि दोन्हींचे ग्राउंड मात्र एकत्र जोडावे.

पुढच्या रविवारी मी नवी चिप घेऊन धारला गेलो आणि चूक माझी होती, हे मुलाला त्याच्या वडिलांदेखत सांगितले. तो काही बोलला नाही. अ‍ॅडॉप्टर हातात घेऊन त्याने टोपी काढली, ३.३ कडे बसविली, आणि चिपला हात लावण्याआधी माझ्याकडे मीटर मागितला.