भागानगरातील एक राजेशाही दिवस

दिवाळीची वा उन्हाळ्याची सुटी लागली, की आम्हां हैदराबादकर मराठी मंडळींच्या घरी मराठवाड्यातील आप्तांची वर्दळ सुरू होते. नांदेडहून कोणी मामा, परभणीहून कोणी आतेबहीण मुलाबाळांसह येते आणि पहिल्याच चहाला प्रश्न होतो, "एका दिवसात किल्ला, राजवाडा सगळे दाखवाल ना?" घरातील मास्तर म्हणून आखणीचे काम ओघानेच माझ्याकडे येते. अनेक फेऱ्यांनंतर जे उमगले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

पहिली गोष्ट वाराची. शुक्रवारी चौमहल्ला राजवाडा बंद असतो, यास्तव तो वार टाळावा. दुसरी गोष्ट क्रमाची. राजधानी ही रस्त्याच्या सोयीने नव्हे, तर इतिहासाच्या क्रमाने पाहावी; म्हणजे मुलांच्या मनात राजांची खिचडी होत नाही. तिसरी गोष्ट संयमाची. दिवसाला चार ठिकाणे पुरेत. सालारजंग संग्रहालय अवश्य पाहण्याजोगे. परंतु ते निजामाच्या दिवाणांच्या घराण्याचा संग्रह होय, आणि त्याला स्वतंत्र दिवस हवा.

प्रारंभ गोवळकोंड्यापासून करावा. सकाळी नऊच्या सुमारास तेथे पोहोचले, की उन्हाच्या आत चढण संपते. प्रवेशद्वाराच्या घुमटाखाली टाळी वाजविली, की ती थेट वर बालाहिसारापर्यंत ऐकू जाते. मुलांना ही गंमत करू द्यावी आणि मग सांगावे, की ही पहारेकऱ्यांची इशारत होती. १५१८ ते १६८७ पर्यंत येथे कुतुबशाही नांदली. १६७७ साली शिवछत्रपती दक्षिणेच्या स्वारीवर जाताना भागानगरास आले, तेव्हा त्यांचे स्वागत करणारा अबुल हसन तानाशहा हा या घराण्यातील शेवटचा राजा. पुढे दहा वर्षांनी औरंगजेबाने आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर हा किल्ला घेतला.

तेथून जवळच कुतुबशाही घुमट आहेत. या बागेत त्या घराण्यातील राजे विसावले आहेत. तानाशहा मात्र येथे नाही. त्याला औरंगजेबाने आपल्या दौलताबादेच्या किल्ल्यात कैदेत ठेवले आणि त्याची कबर खुलताबादेस आहे. दौलताबादेचा चिनी महाल पाहिलेल्या मराठवाड्यातील पाहुण्यांना ही हकीकत सांगितली, की ते क्षणभर थबकतात. तोवर केवळ दगडांचा असलेला इतिहास एकाएकी आपल्या गावचा होतो.

दुपारी जुन्या शहरात यावे. बिर्याणी खाणाऱ्यांनी ती खावी; आमच्यासारख्यांनी दशम्यांचा डबा सोडावा. महंमद कुली कुतुबशहाने १५९१ साली उभारलेला चारमिनार बाहेरून पाहून पायीच चौमहल्ल्याकडे वळावे. आता काळ आसफजाही निजामांचा. पाचव्या निजामाच्या कारकिर्दीत, म्हणजे १८५७ ते १८६९ या काळात, हा राजवाडा पूर्ण झाला. खिलवत मुबारक या दरबार-दिवाणखान्यात संगमरवरी चौथऱ्यावर गादीची जागा असून वर बेल्जियमची एकोणीस झुंबरे आहेत. सातवे निजाम स्वतः किंग कोठीत राहत. दरबारी समारंभ मात्र येथे होत. २००५ साली हा राजवाडा सर्वांसाठी खुला झाला.

माझे वडील, अण्णा, १९५८ साली नोकरीसाठी या शहरात आले. तथापि या राजवाड्यात त्यांनी कधी पाऊल टाकले नव्हते. "निजामाचे घर काय पाहायचे?" एवढेच ते म्हणत. २०१२ साली पाहुण्यांबरोबर नातीच्या हट्टाखातर ते आले. झुंबरांखाली बराच वेळ उभे राहिले आणि मग एका खांबापाशी टेकले. नातीने विचारले, "आजोबा, दमलात का?" तेव्हा ते सांगू लागले. १९४८ च्या उन्हाळ्यात रझाकार गावावर येणार अशी बातमी आली, तेव्हा त्यांच्या आईने त्यांना व धाकट्या बहिणीला कडब्याच्या गंजीत दोन रात्री लपविले होते. अण्णा तेव्हा बारा वर्षांचे होते. बहीण खोकू नये म्हणून ते तिच्या तोंडावर हात ठेवून बसले होते. पुढे सतरा सप्टेंबरला निजामाची राजवट संपली, तेव्हा गावात कोणी साखर वाटली, तर कोणी भीतीने दार लावून घेतले.

हे ऐकून तेथील वृद्ध पहारेकरी जवळ आला. अण्णा त्याच्याशी उर्दूत बोलू लागले. शाळेत शिकलेली ती उर्दू अशी स्वच्छ होती, की त्याने त्यांना आपली खुर्ची दिली. ज्या राजवटीने बालपण भयाने भरले, तिच्याच शाळेने दिलेली भाषा अण्णांनी जन्मभर प्रेमाने जपली होती. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि एकीने दुसरी पुसली जात नव्हती.

तेव्हापासून दिवसाचा शेवट मी नयापुलावर करतो. १९०८ च्या सप्टेंबरात मुसी नदीच्या पुराने हे शहर उद्ध्वस्त केले. त्यानंतर नदीकाठी उच्च न्यायालयाची व उस्मानिया इस्पितळाची भव्य इमारत उभी राहिली आणि वरच्या अंगास उस्मानसागर बांधला गेला. राजाने स्वतःसाठी काय केले व प्रजेसाठी काय केले, ही तुलना मुले येथे आपण होऊन करतात. सवड असल्यास दुसऱ्या दिवशी बेगमपेठेतील स्वामी रामानंद तीर्थांच्या स्मारकासही जावे.

आज अण्णा नाहीत. इतकी वर्षे एका छपराखाली राहूनही कडब्याच्या त्या दोन रात्रींविषयी आम्ही त्यांना कधी विचारले नव्हते. राजवाडा निमित्त झाला, म्हणून ते कळले. वाचकहो, आपल्या शहरात असा दिवस आखाल, तेव्हा वेळापत्रक, डबा, पाण्याची बाटली, सारे घ्या. परंतु घरात कोणी वडीलधारे असतील, तर गाडीतील पहिली जागा त्यांना द्या, आणि ते जेथे थांबतील, तेथे घड्याळाकडे पाहू नका.