कॅरिब्डिस विरुद्ध डेनेरिस: नीलगिरीचा भुंगेरा

आजचा एपिसोड एका बगवर आहे. कोडमधला नाही, खराखुरा, सहा पायांचा.

नीलगिरी मूळची ऑस्ट्रेलियाकडची. न्यूझीलंडने ती लाकडासाठी, कागदाच्या लगद्यासाठी लावली. १९१६च्या सुमारास तिचा शत्रूही समुद्र ओलांडून तिथे पोचला. नाव पॅरॉप्सिस कॅरिब्डिस. दिसायला गोंडस, पाठीवरून कासवासारखा फुगीर, साधारण सेंटीमीटरभर. पण अळी असो की मोठा भुंगेरा, दोघंही पानंच खातात, त्यातही कोवळा शेंडा आधी. वर्षाला दोन पिढ्या. झाड दरवेळी नवी पालवी काढणार आणि हे ती फस्त करणार, मग वाढ होणार कशी?

मायदेशी याला खाणारे भरपूर होते, इथे ते आलेच नाहीत. म्हणून १९८७ साली ऑस्ट्रेलियातून एनोगेरा नावाची इवलीशी गांधीलमाशी आणली. ती भुंगेऱ्याच्या अंड्यातच आपलं अंडं घालते. आपल्याकडे उसात, कपाशीत ट्रायकोकार्ड लावतात ना, सेम फंडा. उन्हाळ्यातल्या दुसऱ्या पिढीवर ती मस्त चालली. वसंतातल्या पहिल्या पिढीवर मात्र कमी पडली.

आणि मग सगळ्यात भारी ट्विस्ट. २०००नंतर तिथे आणखी एक माशी सापडली, बेओअनुसिया. ही भुंगेऱ्याला हातच लावत नाही. ही एनोगेराला खाते! म्हणजे पॅचलाच बग लागला.

आता नवा भिडू टास्मानियातून आलाय. हा अंडी सोडून थेट अळीवर जातो. अळीच्या अंगात अंडं घालायचं, पिल्लू तिला आतून पोखरतं. २०१८ साली त्याचं बारसं झालं: ईड्या डेनेरिस. हो हो, तीच, गेम ऑफ थ्रोन्समधली ड्रॅगनवाली! शास्त्रज्ञांनासुद्धा वीकेंड असतो म्हणायचं.

पण सोडण्याआधी वर्षानुवर्षं टेस्टिंग झालं. ही माशी तिथल्या स्थानिक भुंगेऱ्यांना त्रास देईल का? तण खायला मुद्दाम आणलेल्या भुंगेऱ्यांना मारेल का? मला हेच महत्त्वाचं वाटतं. आम्ही शुक्रवारी संध्याकाळी रिलीज करून सोमवारी रोलबॅक मारतो. इथे पिंजरा एकदा उघडला की रोलबॅकचं बटणच नाही. या सगळ्या चाचण्यांनंतरच, २०१९ साली, तिला परवानगी मिळाली.