ओव्यांचे अखंड अनुक्रमांक : एक संगणकीय पद्धती

सुपे परिसरातील जात्यावरच्या ओव्या बारा फायलींत उतरवून घेतल्या आहेत, असे समजू. प्रत्येक ओवीच्या शेवटी ॥१॥, ॥२॥ असे अंक आहेत. पण दर फायलीत ते नव्याने सुरू होतात. त्यामुळे ‘ओवी ७’ एवढ्या निर्देशाने बारांपैकी कोणती ओवी अभिप्रेत आहे, हे कळत नाही. संग्रहाच्या अभ्यासासाठी सर्व फायलींतून अखंड चालणारा अनुक्रमांक हवा.

येथे ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ ह्या आकृतिसूत्रांचा उपयोग होतो. त्यांची गणिती कल्पना स्टीफन क्लेनी यांनी १९५१ साली मांडली. केन टॉम्प्सन यांनी १९६८ साली तिच्या साहाय्याने मजकूर शोधण्याची रीत प्रसिद्ध केली. ॥[०-९]+॥ ह्या सूत्राचा अर्थ, दोन दुहेरी दंडांच्या मध्ये एक किंवा अधिक देवनागरी अंक, असा होतो.

सूत्र आकृती ओळखते, मोजणी करीत नाही. ॥७॥ आणि ॥८॥ त्याच्या लेखी सारखेच. म्हणून बदली मजकुराच्या जागी ठरीव अक्षरे न देता एक लहानसे फंक्शन द्यावे लागते. दर जुळणीस ते गणकात एकाची भर घालते आणि नवा अंक देवनागरीत लिहून परत करते. पर्ल व पायथन ह्या भाषांत ही सोय आहे.

दोन गोष्टींची दक्षता घ्यावी. गणक प्रत्येक फायलीच्या आरंभी शून्यावर आणू नये. तसे केल्यास मूळचीच अडचण परत येते. तसेच फायलींची नावे ०१, ०२ अशी दोन अंकी असावीत. अन्यथा अक्षरक्रमाने १० ही फाईल २ च्या आधी येते.

परंतु प्रत्येक अंक बदलण्याजोगा नसतो. बारामतीस वास्तव्य केलेल्या मोरोपंतांच्या (१७२९–१७९४) आर्यांचे अध्यायवार अंक हे परंपरेने रूढ झालेले निर्देश आहेत. ते पुसणे म्हणजे आजवरच्या संदर्भांचा आधार काढून घेणे होय. ओव्यांचे अंक संग्राहकाने दिलेले असतात, तरी एकदा कोणी ते उद्धृत केले की त्यांनाही तीच प्रतिष्ठा प्राप्त होते. म्हणून मूळ फायली जतन करून प्रतींवरच प्रयोग करावा आणि जुन्या-नव्या अंकांचे कोष्टक त्याच वेळी सिद्ध करावे. बदल क्षणात होतो. हरवलेला संदर्भ मात्र कोणतेही सूत्र शोधून देत नाही.