डासाच्या लाळेतला पुरावा

भारतात अ‍ॅनोफिलिस डासांच्या पन्नासहून अधिक जाती आढळतात. त्यांतल्या मोजक्याच हिवताप पसरवतात. एखादी जात दोषी ठरवायची, तर तिच्या लाळग्रंथींत हिवतापाचा परजीवी सापडावा लागतो.

या शोधाची सुरुवात आपल्याकडेच झाली. 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादेत डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना रुग्णाचं रक्त प्यायलेल्या डासाच्या जठराच्या भिंतीत काळसर कण असलेल्या गोल पेशी दिसल्या. पुढच्या वर्षी कलकत्त्यात, पक्ष्यांच्या हिवतापाचा अभ्यास करताना, परजीवी लाळग्रंथींत पोचतो हेही त्यांनी दाखवलं.

जठर की लाळग्रंथी, हा फरक फार मोलाचा आहे. जठरात परजीवी सापडला, तर डासाने बाधित रक्त प्यायलं एवढंच कळतं. तिथून लाळेपर्यंत यायला परजीवीला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात आणि बहुतेक डास त्याआधीच मरतात.

म्हणून कीटकशास्त्रज्ञ मादी डास काचपट्टीवर मिठाच्या द्रावणाच्या थेंबात ठेवतात. एका सुईने छाती दाबून धरायची, दुसरीने डोकं हळूच ओढायचं. हात सरावाचा असेल, तर डोक्यामागोमाग तीन-तीन पाळ्यांच्या दोन ग्रंथी बाहेर येतात. वरून काच ठेवून त्या दाबल्या की सूक्ष्मदर्शकाखाली लांबट, दोन्ही टोकांना निमुळते स्पोरोझॉइट, म्हणजे लाळेत पोचलेले परजीवी, दिसतात.

मात्र आपल्याकडे शंभर डासांत एकही बाधित न सापडणं नेहमीचंच. त्यामुळे आता एलायझा चाचणीने स्पोरोझॉइटवरचं प्रथिन शोधतात. त्यासाठी वाळवून ठेवलेले डासही चालतात. गुराढोरांचं रक्त प्यायलेल्या डासांत ही चाचणी कधी फसवा होकार देते, म्हणून पीसीआरने खात्री करतात. दोन्ही चाचण्यांआधी पोट कापून वेगळं करतात आणि फक्त डोकं-छातीचा भाग तपासतात.

उपाय या पुराव्यावर ठरतो. मुंबई-गोव्यात अ‍ॅनोफिलिस स्टीफन्सी गच्चीवरच्या टाक्यांत आणि बांधकामांवरच्या साठलेल्या पाण्यात वाढतो. तिथे टाक्यांची झाकणं घट्ट बसवणं महत्त्वाचं. ग्रामीण भागातला अ‍ॅनोफिलिस क्युलिसिफेसीस घराच्या भिंतींवर विसावतो. तिथे घरात फवारणी लागते, तीही त्याला अजून मारू शकणाऱ्या औषधाची.

2030 पर्यंत हिवताप संपवण्याचं भारताचं उद्दिष्ट आहे. रुग्ण घटले की डास तपासणारे हात आधी कमी केले जाण्याची भीती असते. तसं होता कामा नये. रुग्णाचा ताप संसर्ग झाल्यावर कळतो. बाधित डास वेळीच सापडला, तर पुढचे रुग्ण टाळता येतात.